धमनीच्या भिंतीत डोकावताना

अंगावरून वारं गेलेल्या माणसाचे नातेवाईक रत्नागिरीत माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, ब्लॉकेज किती टक्के?’ हृदयाच्या अँजिओग्राफीनं ही टक्क्यांची भाषा घरोघरी पोचवली. पण मेंदूच्या धमनीचं सगळं दुखणं त्या आकड्यात मावत नाही.

कवटीच्या आतली मधली मोठी धमनी जेमतेम ३ मिलिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचून प्लाक धरतो. आपल्या आशियाई लोकांत हा आजार गोऱ्या युरोपीयांपेक्षा बराच जास्त. त्यांच्यात मानेतली धमनी अधिक बिघडते. नेहमीच्या अँजिओग्राफीत दिसते ती रक्त वाहण्याची पोकळी. प्लाक सुरुवातीला बाहेरच्या अंगाला फुगू शकतो. पोकळी शाबूत राहते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो.

भिंत पाहायला व्हेसल वॉल एमआरआय असतो. त्यात वाहतं रक्त काळं केलेलं असतं, त्यामुळे भिंत उठून दिसते. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर प्लाक लकाकला, तर तो धुमसतो आहे अशी शंका घ्यायची. इंजेक्शनाआधीच तो पांढरा दिसला, तर आत रक्त उतरलेलं असू शकतं. मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी बोटीच्या तांडेलाची जीभ अडखळत होती, उजव्या हातातून दोर निसटत होता. अँजिओग्राफीत डावी धमनी किंचित आकसलेली, एवढंच. भिंतीच्या चित्रात मात्र एका बाजूला चंद्रकोरीसारखा जाड, लखलखीत प्लाक. गोळ्या सुरू केल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ती लकाकी बरीच मंदावली होती. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून दाखवली. ‘गोळ्या कधी बंद करायच्या’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न त्यानंतर आला नाही.

एकाच रुग्णाची धमनी पुन्हा पुन्हा पाहण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. लिस्बनच्या एगास मोनिझनी १९२७ मध्ये मेंदूची पहिली अँजिओग्राफी केली. १९६५ साली मुंबईचे डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की गुठळीनं बंद झालेली धमनी नंतरच्या अँजिओग्राफीत आपोआप मोकळी झालेली सापडू शकते. त्या काळच्या साधनांनिशी केलेलं हे काम आजच्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावं, असं मला फार वाटतं.

स्टेंट घालून मोकळं व्हावं, असं नातेवाइकांना वाटतं. अमेरिकेतल्या ‘सॅम्प्रिस’ चाचणीत ७० ते ९९ टक्के अरुंद धमनीचे ४५१ रुग्ण होते. २०११ साली निकाल आला : पहिल्या ३० दिवसांत पुन्हा मेंदूचा झटका किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ५.८ टक्के. औषधं म्हणजे अॅस्पिरिन, पहिले ९० दिवस जोडीला क्लोपिडोग्रेल, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणि वरचं बीपी १४० च्या आत. बहुतेकांची भिस्त गोळ्यांवरच असेल, तर त्या भिंतीत काय करताहेत हे पाहायला हवं.

तरीही हा एमआरआय मी सरसकट सांगत नाही. तो वरचेवर केल्यानं झटके टळतात, असं अजून सिद्ध झालेलं नाही. त्याला ३ टेस्लाचं यंत्र बरं, म्हणून माझे रुग्ण कोल्हापूर किंवा मुंबई गाठतात. मजुरी बुडते ती वेगळी. गोळ्या चालू असताना पुन्हा झटका आला, रुग्ण तरुण असला किंवा भिंतीला प्लाकऐवजी सूज असावी असं वाटलं, तर मात्र मी आग्रह धरतो.

बाकीच्यांसाठी डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणं. कानाच्या पुढे, कानशिलावर जेल लावून प्रोब टेकवायचा. हाडाच्या पातळ जागेतून धमनीचा सूं-सूं आवाज येतो. खाडी अरुंद होते तिथं भरतीचं पाणी जोरानं धावतं, तसं आकसलेल्या जागी रक्त धावतं. मधल्या धमनीत सरासरी वेग सेकंदाला १०० सेंटिमीटरच्या वर गेला, की निम्म्याहून जास्त आकुंचनाचा संशय येतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये रून आस्लिड यांनी १९८२ मध्ये हे तंत्र मांडलं. वयस्क बायकांत हाड जाड असलं तर आवाज सापडत नाही, आणि प्लाकचा पोत यातून कळत नाही. पण खर्च कमी, इंजेक्शन नाही आणि तपासणी इथल्या इथे होते.

एक विनंती. घरोघरी रिपोर्टाचा कागद जपला जातो आणि सीडी हरवते. तुलना चित्रांची करायची असते, तीही शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीनं काढलेल्या. पहिल्या तपासणीची सीडी फाइलीत ठेवा आणि कोल्हापूरसाठी आंबा घाट चढाल तेव्हा ती बरोबर घ्या.