सिनेमात न दिसलेला महिना

मणिरत्नमच्या ‘बॉम्बे’त शैला बानू गाव सोडून मुंबईला येते आणि शेखरशी रजिस्टर लग्न करते. काही मिनिटांत सगळं उरकतं. मधला महिना कुठे गेला, हे मला अजून सलतं. तरी माझा सगळ्यात आवडता सिनेमा तोच.

मी बोईसरची, बाबा तारापूर एमआयडीसीत कामाला. नवरा चिंचणीचा, मुसलमान. लोकलमध्ये ओळख झाली. पुढचं सगळ्यांचं होतं तसंच. दोघांनाही धर्म बदलायचा नव्हता, म्हणून १९५४चा विशेष विवाह कायदा.

त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नाव, वय, व्यवसाय, पत्ता, सगळं कार्यालयात ठळक जागी लावतात. हिंदू विवाह कायद्याने लग्न करणाऱ्यांच्या मागे हे नसतं. आमची नोटीस लागली आणि कुणीतरी तिचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सअॅपवर बोईसरभर फिरला. बाबा सेकंड शिफ्टला होते. गेटवर एका अनोळखी माणसाने त्यांच्यापुढे मोबाइल धरून विचारलं, “ही तुमचीच ना?” मी रविवारी सांगणार होते. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. बाबांना ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. तो हक्क त्या माणसाने हिसकावला. बाबा घरी आले, जेवले नाहीत, बोललेही नाहीत.

मग माणसं येऊ लागली. चहा घ्यायची, आईला समजवायची. लेखी हरकत मात्र एकानेही घेतली नाही. घेणार कशावर? वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, मानसिक स्थिती एवढीच कारणं कायद्यात आहेत; धर्म त्यात नाही. त्यांना फक्त पत्ता हवा होता, तो मिळाला.

जानेवारी २०२१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं की, नोटीस लावायची की नाही हे जोडप्याने ठरवावं. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये सरकारने आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली. सज्ञान मुलीला समिती कशाला हवी? तिचा पत्ता झाकलेला राहू द्या. आणि मुलींनो, तीन साक्षीदार आधीच पक्के करा. ऐन वेळी माणसं कच खातात.

सिनेमात मुलगा हिंदू, मुलगी मुसलमान. तरीही १९९५मध्ये मणिरत्नमच्या घरावर बॉम्ब फेकले गेले. आमच्यासारखं उलट असतं तर तो पडद्यावर तरी आला असता का? त्यातले दोन्ही आजोबा कबीर नारायण आणि कमल बशीर या नातवंडांसाठी धावत येतात, ते मला कधीच पटलं नव्हतं. बाबा अजून चिंचणीला आलेले नाहीत.

पण रोज त्या माणसांचं ऐकून आईच एक दिवस उसळली. म्हणाली, “माझ्या पोरीचं मी बघेन, तुम्ही उठा.” आमची तिसरी साक्षीदार तीच. तो महिना मध्ये नसता, तर तिने सही केली असती का, मला सांगता येत नाही. तरीही ती नोटीस रद्दच व्हायला हवी.