थारमधला पाट

मुलाने थार घेतली आणि अलिबागच्या आमच्या अंगणात आणून उभी केली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतली, तिचीच ही नात. पण गाडी उंच! हिच्या गुडघ्यांना चढणे अशक्य. मुरुडला बहिणीकडे जाणे दोन वर्षे बंदच होते. "तुम्ही दोघे जाऊन या," एवढेच म्हणायची.

चिरंजीवांनी आत रंगीत दिवे लावले. मी सुताराकडे गेलो. माळ्यावरच्या सागवानी पाटाला वीतभर उंचीचे पाय लावले, खाली रबर ठोकले आणि कडेला दोरी बांधली. पाय ठेवून चढायचे, मग पाट वर ओढून घ्यायचा. स्क्रू पितळी, कारण खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. पायाखाली उंच कडांची रबरी मॅट घातली, म्हणजे काशीदची वाळू एका झटक्यात बाहेर. सीटच्या पाठीला ताडपत्रीचा खिसा शिवला. त्यात पाणी, औषधे, टॉर्च.

"बाबा, थारमध्ये पाट?" मुलगा हसला.

रविवारी ही डॅशबोर्डवरची मूठ धरून चढली. पाट वर ओढला आणि थबकली. "अहो, हा तर आपल्या लग्नातला! न विचारता पाय ठोकलेत त्याला?"

रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल येईपर्यंत अबोला. येताना मात्र बहिणीने दिलेली आमसुले त्या खिशात होती आणि पुढच्या खेपेचा दिवसही ठरला होता.

असो. पाट मांडीवरच होता.