बाबांच्या पद्मिनीचे ब्रेक

अखेर बाबांच्या पद्मिनीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले. मुळात चारही चाकांना ड्रमच. घाट उतरताना ड्रम तापले की पेडल कितीही दाबा, गाडी पुढे जातच राहायची. पाण्यातून गेलं की एका बाजूला ओढायची. बाबांच्या पायाला हे सगळं पाठ होतं. माझ्या नाही. आणि मागच्या सीटवर आता माझी लेक बसते.

मेकॅनिकने आधीच बजावलं, नुसत्या डिस्क लावून भागत नाही. ड्रममधला लायनर चाकाच्या फिरण्यानेच आणखी घट्ट बसतो, डिस्कचं तसं नाही. म्हणून व्हॅक्यूम बूस्टर आला, मास्टर सिलिंडरही बदलला. (खर्च विचारू नका!)

बाबा एक चक्कर मारून आले. "चांगले लागतात," एवढंच म्हणाले. मग जुने ड्रम पोत्यात बांधून माळ्यावर ठेवायला लावले.