बाटलीची साक्ष

माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा की त्याच्या लघवीवर, हा प्रश्न फराळाचे ताट पुढे असताना विचारण्यासारखा नाही, हे मला मान्य आहे. पण अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मी बावीस वर्षे याच प्रश्नाची उत्तरे छापून दिली. शिंप्याला माणसाआधी त्याचा सदरा दिसतो म्हणतात, तशातलीच माझी गत. तेव्हा आजच्या दिवशी थोडा औचित्यभंग वाचकांनी सोसावा.

तपासणी ही गोष्ट तशी जुनीच आहे. आमच्या वाड्यात एक काकू होत्या. काका रात्री उशिरा आले की त्या दार अर्धेच उघडीत आणि विचारीत, "जेवून आलात का?" प्रश्न जेवणाचा नसे. उत्तर द्यायला तोंड उघडावे लागते, एवढाच त्याचा उपयोग! काकाही काही कमी नव्हते. ते वेलदोडा चघळून येत. पुढेपुढे काकूंना वेलदोड्याचा वास पुरेसा होऊ लागला, आणि बिचाऱ्या काकांना लग्नाच्या पंगतीत श्रीखंड खाऊन येण्याचीही चोरी झाली.

नाकाच्या साक्षीवर किती विसंबावे, हा प्रश्न मुंबईहून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. दारूबंदीचा काळ. १९५१ साली मुंबईत एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपने काही माणसांना धक्का दिला, आणि त्याच्या तोंडाला दारूचा वास येतो असे आढळले. तो म्हणाला, "मी बी. जी. फॉस नावाचे टॉनिक घेतले होते." त्या टॉनिकात मद्यार्क होता, आणि औषधातला मद्यार्क घेणे हा गुन्हा नव्हता. उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. वास टॉनिकाचाही असू शकतो. तो बंदी असलेल्या दारूचाच आहे हे दाखवणे सरकारचे काम, असा त्या निकालाचा आशय होता.

पुढे शास्त्राचे नाक फार तीक्ष्ण झाले. घेतलेली दारू काही तासांत रक्तातून निघून जाते, पण जाताना पाऊल उमटवून जाते. यकृत तिच्या एका अगदी लहानशा अंशाला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते, आणि इथाइल ग्लुक्युरोनाइड नावाचे द्रव्य तयार होते. ते दोनतीन दिवस, पुष्कळ घेतली असेल तर ऐंशी तासांपर्यंतही, लघवीत सापडते. शनिवारी रात्रीची मैफल मंगळवारी सकाळी बाटलीत बोलते, ती अशी.

ही बाटली भरतात कोण? आमच्याकडे येणाऱ्या बाटल्या मुख्यतः डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेते यांच्या असत. अमेरिकेत असा माणूस व्यसनात सापडला, की त्याला उपचार करून पुन्हा कामावर घेतात; पण बहुधा पाच वर्षे देखरेखीचा करार असतो. रोज सकाळी फोन करून विचारायचे, "आज माझी पाळी आहे का?" पाळी असली तर त्याच दिवशी जायचे. पुष्कळदा कोणीतरी समोर उभे असते. बाटली दिल्याबरोबर तिची ऊब मोजतात, कारण घरून आणलेली लघवी थंड असते. मग मोहोर, मग सही. ज्याच्या सहीने काल माणसांची पोटे फाडली जात होती, त्याची सही आज स्वतःच्या लघवीवर! पहिल्या दिवशी काय वाटत असेल, याची कल्पना मी कितीतरी वेळा करून पाहिली आहे.

या कडक शिस्तीचे फळ मात्र नाकारता येत नाही. सोळा राज्यांतल्या ९०४ डॉक्टरांचा पाच वर्षांचा अभ्यास २००८-०९ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेकडा सुमारे ७८ जणांच्या तपासणीत पाच वर्षांत एकदाही दोष निघाला नाही. व्यसनाच्या दुनियेत हा आकडा थोर म्हणायचा.

पण नाक तीक्ष्ण झाले म्हणून शहाणे होतेच असे नाही. इस्पितळातली परिचारिका दिवसातून पन्नास वेळा हाताला मद्यार्काचे द्रावण चोळते. त्याची वाफ नाकात जाते, आणि थेंबही न घेतलेल्या बाईच्या लघवीत ते पाऊल उमटू शकते. गुळण्या करण्याच्या औषधाचे तेच. म्हणून २००६ साली अमेरिकेच्या आरोग्यखात्यातल्या एका संस्थेने सूचनापत्र काढून बजावले, की केवळ या एका चाचणीवरून कोणावर कारवाई करू नये. आपल्याकडे वैमानिकांची उड्डाणाआधी श्वासतपासणी होते, आणि २०२३ साली त्यांना मद्यार्क असलेले गुळण्यांचे औषध वापरायला मनाई झाली, ती याच जातीच्या घोटाळ्यांसाठी.

आणखी एक गंमत सांगते. मधुमेह्याच्या लघवीत साखर असते. तीत जंतू आणि यीस्ट असले आणि बाटली उबेत राहिली, तर बाटलीतच दारू तयार होते, आणि जंतू तिच्यापासून ते पाऊलही घडवतात! उलट काही जंतू खरे पाऊल खाऊन टाकतात. माणूस निर्दोष, बाटली मद्यपी. किंवा माणूस मद्यपी आणि बाटली साधू. म्हणून आम्ही इथाइल सल्फेट नावाचा दुसरा साक्षीदार बोलावतो. तो जंतूंच्या सहजी हाती लागत नाही. त्यानेही भागले नाही तर रक्त घेऊन फॉस्फाटिडिलइथेनॉल पाहतात. ते तांबड्या पेशींच्या आवरणात दोनचार आठवडे टिकते. इतके सारे करून आम्हाला सांगता येते ते एवढेच, की शरीरात मद्यार्क गेला होता. का गेला, त्या रात्री घरात काय घडले होते, हे कुठल्याच यंत्रातून निघत नाही.

आकड्यामागचा माणूस मला भेटला तो एका दिवाळीत. आमच्या गावातली मराठी मंडळी फराळाला जमली होती. आमच्यात मूळचे सांगलीचे एक सर्जन होते. यजमानीणबाईंनी अनारशांचे ताट पुढे केले, तर गृहस्थ हात जोडून मागे सरले. "अहो, घरचे आहेत!" बाई म्हणाल्या. "नको वहिनी, गोड बंद केलंय," ते म्हणाले. आणि दोन मिनिटांनी मी त्यांना बेसनाचा लाडू खाताना पाहिले.

मी काय ते समजले. खसखशीचा दाणा अफूच्या बोंडातलाच, आणि त्याला मॉर्फिनचा अंश चिकटलेला असतो. दारूबरोबर अफूच्या जातीच्या औषधांचीही तपासणी होते. या दाण्यापायी १९९८ साली अमेरिकन सरकारने नोकरदारांच्या तपासणीची मर्यादा मिलिलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. तरी २०२३ साली तिथल्या संरक्षणखात्याला सैनिकांना खसखस टाळा म्हणून सांगावे लागलेच.

निघताना ते माझ्याजवळ आले. "ताई, तुम्ही ओळखलंत ना?" मी काही बोलले नाही. मग तेच बोलत राहिले. "पहिलं वर्षभर त्या बाटलीचा मला संताप यायचा. एकदा रात्री घरी यायला उशीर झाला. हिनं विचारलं, 'घेतलीत का?' मी नाही म्हटलं. तिनं मान फिरवली. तिचं तरी काय चुकलं? दहा वर्षं मी 'नाही'च म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. निकाल निर्दोष होता. तो कागद मी फ्रिजवर लावला. हिनं तो काढून कपाटात ठेवला, आमच्या लग्नाच्या फोटोंजवळ."

तोवर मला वाटत असे, की ही तपासणी म्हणजे अविश्वासाचा कारखाना. त्या रात्रीपासून मी प्रत्येक बाटली जरा जपून उचलू लागले. ज्याच्या शब्दाला बाजारात किंमत उरलेली नाही, त्याच्यासाठी काही काळ ती बाटली बोलत असते. अशा वेळी आकडा छापणाऱ्याने घाई केली, तर तो एका माणसाची उरलीसुरली पुंजी उधळतो.

तीन वर्षांनी त्यांचा करार संपला. त्या दिवाळीला ते आमच्याकडे आले. "ताई, आता फोन नाही, कागद नाही. हिनं विचारलं तर नुसतं 'नाही' म्हणायचं. भीती वाटते हो." त्यांची पत्नी शेजारीच बसली होती. तिने काही न बोलता ताटातला अनारसा उचलला, खसखशीची बाजू वर करून त्यांच्या हातावर ठेवला, आणि माझ्याकडे वळून, तांदूळ किती दिवस भिजवलेत, असे विचारले.