काळ्या हिरड्या, पांढऱ्या हिरड्या

पहाटे मिलवॉकीच्या धक्क्यावरून निघालो. लेक मिशिगन म्हणायला तळं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. होडी माणसाच्या चालीनं हाकायची आणि वजनदार गोळ्याच्या आधारानं खोल सोडलेली चमचमती पत्री मागे ओढत राहायची. ट्रोलिंग ते हेच. दोन तास नुसतं पाणी. मग काठी वाकली आणि काही वेळानं जाळीत रुपेरी मासा आला.

"चिनूक सॅमन?" मी विचारलं.

होडीवाल्या आजोबांनी उत्तर न देता जबडा उघडून दाखवला. मला मासळी बाजारात कल्ला वर करून पाहणारी आई आठवली. दातांच्या मुळाशीही हिरड्या काळ्या असतील तर चिनूक; तिथं पांढरट पट्टा असेल तर कोहो. मग शेपटी. चिनूकच्या दोन्ही पात्यांवर ठिपके, कोहोच्या फक्त वरच्या पात्यावर. आमचा कोहो निघाला. स्टीलहेडचं तोंड आतून पांढरं आणि शेपटीभर ठिपक्यांच्या ओळी. लेक ट्राउट मात्र लांबूनही कळतो: गडद अंगावर फिकट ठिपके, शेपटी खोल दुभंगलेली.

या सगळ्यांत इथला मूळचा तोच एक. कोहो १९६६ साली आणि चिनूक १९६७ साली मुद्दाम आणून सोडले, समुद्राकडून शिरून बेसुमार माजलेल्या एलवाइफ माशांना खायला. पाहुण्याला आवरायला दुसरा पाहुणा! हे ऐकल्यापासून लेक ट्राउटबद्दल मला फार माया वाटते.

दुसरा मासा आला तेव्हा जबडा मीच उघडला. काळ्याभोर हिरड्या.