किल्ली फ्लॅटची, घर मात्र पाड्यात

बदलीची ऑर्डर कोलकात्याची निघाली की मराठी घरात आधी शांतता पसरते, मग प्रश्न सुरू होतात. मुलांच्या शाळेचं काय? आजीला तिथली हवा मानवेल का? मुंबई ते हावडा हे अंतर नागपूरमार्गे दोन हजार किलोमीटरच्या घरात जातं. गणपतीला पटकन जाऊन येऊ, असं म्हणायची सोयच नाही. तरीही बँका, विमा कंपन्या, केंद्र सरकारची खाती यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबं वर्षानुवर्षं इथे बिऱ्हाड मांडत आली आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूरकडचे, सोनं-चांदी गाळणारे गलाई कारागीरही इथवर पोचले आहेत. पासपोर्ट लागत नाही एवढंच. बाकी पहिले काही महिने परदेशात आल्यासारखेच जातात.

पहिला घोटाळा होतो तो मजल्यांचा. दलाल ‘दोतला’ म्हणतो तेव्हा तो आपला पहिला मजला असतो. ‘एकतला’ म्हणजे तळमजला! पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबणाऱ्या या शहरात हा फरक महागात पडू शकतो. म्हणून तळमजल्याचा करार करण्याआधी पाणी कोणत्या पायरीपर्यंत येतं, हे शेजाऱ्यांना विचारून घेतलेलं बरं. दुसरी गोष्ट दिशेची. आपण पूर्वेचं दार शोधतो, बंगाली माणूस ‘दक्षिण खोला’ घर शोधतो. दमट उन्हाळ्यात समुद्राकडून येणारा वारा दक्षिणेच्या खिडकीतूनच आत येतो. तिथे वास्तुशास्त्रापेक्षा घामाचा अनुभव मोठा!

घड्याळ तेच असलं तरी सूर्य वेगळा वागतो. कोलकाता मुंबईच्या सुमारे साडेपंधरा अंश पूर्वेला आहे, त्यामुळे ऊन जवळजवळ तासभर आधी येतं आणि आधीच जातं. जूनमध्ये पहाटे पाचच्या आत उजाडतं, तर डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो. मुलं शाळेतून येऊन खातात तोवर खेळायचा उजेड संपलेला. दिवसभर फ्लॅटमध्ये एकट्या असणाऱ्या आजीला ही लवकर येणारी तिन्हीसांज फार जड जाते. गावची आठवण नेमकी याच वेळी येते.

त्या मानाने स्वयंपाकघर लवकर रुळतं. आपल्या विळीची बहीण इथे ‘बोंटी’ नावाने नांदते. मासळीबाजारात मोठमोठे रुई-कातला तिच्यावरच कापले जातात. पोह्यांना ‘चिंडे’ म्हणायचं, कुरमुऱ्यांना ‘मुडी’. आंबेमोहोराची उणीव गोविंदभोग तांदूळ बऱ्यापैकी भरून काढतो. हिवाळ्यात खजुरीच्या रसाचा नवा गूळ, ‘नोलेन गुड’, आला की उसाच्या गुळाची आठवण जरा मागे पडते. कढीपत्त्यासाठी लेक मार्केट गाठावं. त्या भागात दक्षिण भारतीयांची जुनी वस्ती आहे. कोकम, गोडा मसाला आणि ज्वारीचं पीठ मात्र गावाहून येणाऱ्यांच्या पिशवीतूनच येतात.

भाषा आधी हसवते. बंगाली माणूस पाणी ‘खातो’. त्याची ‘चुल’ डोक्यावर असते, कारण चुल म्हणजे केस. आणि शेजारीण मुलाच्या ‘शिक्षे’बद्दल विचारते तेव्हा घाबरायचं कारण नाही, ती शिक्षणाची चौकशी करत असते. चुका झाल्या तरी चार बंगाली शब्द बोलायला लागावंच, कारण इथे माणूस फ्लॅटमध्ये राहतो आणि जगतो ‘पाड्यात’. आपला पाडा डोंगरातला. हा शहरातला मोहल्ला. कोपऱ्यावर अड्डा, तरुणांचा क्लब, आणि नात्याशिवाय हाक नाही. दुकानदार ‘दादा’, शेजारीण ‘बौदी’, तिची सासू ‘माशीमा’.

मराठी म्हटल्यावर एखादी माशीमा हसत ‘बर्गी’ म्हणते. हे बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे बारगीर. १७४१ ते १७५१ या काळात त्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालमधली गावं होरपळली. त्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. ‘मराठा डिच’ या नावाने तो ओळखला जाई. बर्गींच्या नावाचं अंगाईगीत आजही बंगाली घरांत म्हटलं जातं. पण दुसरी आठवणही आहे. देवघरजवळच्या मराठी कुटुंबात १८६९ मध्ये जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर बंगाली लेखक म्हणून गाजले. ब्रिटिशांच्या लुटीचा हिशेब मांडणारं त्यांचं ‘देशेर कथा’ १९०४ मध्ये निघालं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता, आणि रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये याच उत्सवावर कविता लिहिली. शेजारणीच्या थट्टेवर रुसून बसण्यापेक्षा देऊस्करांचं नाव सांगावं. गप्पा लगेच रंगतात.

हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास हा मराठी माणसाचा मोठा आधार. तिथे मराठी कानावर पडतं, मन हलकं होतं. पण फक्त तिथेच जाणारं कुटुंब कोलकात्यात पाहुणंच राहतं. पाड्याची दुर्गापूजा आली की वर्गणी द्यावी, मांडवात बसून भोगाची खिचडी खावी. २०२१ मध्ये युनेस्कोने या उत्सवाची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. पण घरापुरतं पाहिलं तर त्याचं मोल एवढंच, की नवा भाडेकरू त्या चार-पाच दिवसांत ओळखीचा होतो. दुर्गेच्या शेजारी गणपतीही उभा असतोच. कोजागरीला आपण दूध आटवतो, त्याच रात्री बंगाली घरांत लक्ष्मीची पूजा असते. दुधाचे दोन पेले शेजारी द्यावेत. ताटलीतून नारळाचे लाडू परत येतात.

मुलं तर पाड्यात महिन्याभरात मिसळतात. सांभाळायचं असतं आजीला. माशीमा दुपारी येऊन बसू लागली, एकीची मराठी आणि दुसरीची बंगाली यांचं जमू लागलं, की पाच वाजताचा तो अंधार तितकासा टोचत नाही. त्या दिवसापासून कोलकात्यात घर झालं म्हणायला हरकत नाही.