चिठ्ठ्यांचा वीजबाजार

मुलांनो, वाशी म्हटलं की पुष्कळांना नवी मुंबईतली मोठी बाजार समिती आठवते. आमची वाशी ती नव्हे. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, सोयाबीन आणि ज्वारीची. बाजार आमच्याकडंही भरतो, पण तो आठवड्याचा. सकाळी वीस रुपयांना असलेली मेथीची जुडी दिवस मावळताना दहा रुपयांना मिळते, हे माझ्या चौथीच्या वर्गातल्या पोरांना पक्कं ठाऊक आहे. का मिळते, तेही ठाऊक आहे. माल उरला, गिऱ्हाईक सरलं, की भाव उतरतो!

अलीकडं आमच्या भागात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. परिसर अभ्यासाच्या तासाला एकानं विचारलं, "मॅडम, पवनचक्कीची लाईट कोण घेतं? तिचा पण बाजार भरतो का?"

भरतो तर! पण त्या बाजारात ना पाटी, ना तराजू. आपल्या देशात विजेची खरेदी-विक्री करणारा पहिला बाजार, म्हणजे इंडियन एनर्जी एक्स्चेंज, जून २००८ मध्ये सुरू झाला. आज बोली लावायची ती उद्याच्या विजेसाठी. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे केलेले असतात. चोवीस तासांचे किती तुकडे झाले, सांगा बरं? शहाण्णव! प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा. दुपारी ऊन रखरखतं, सौरवीज भरपूर असते, म्हणून तेव्हा भाव सहसा उतरतो. संध्याकाळी सूर्य मावळतो आणि घरोघरी दिवे लागतात, तेव्हा तो चढतो.

मेथी आणि वीज यांत एक मोठा फरक आहे. मेथी पाणी शिंपडून उद्यापर्यंत ठेवता येते. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. मोठमोठ्या बॅटऱ्या आता येऊ लागल्या आहेत, पण देशाची गरज भागेल एवढा साठा त्यांत मावत नाही. म्हणून जेवढी वीज लागते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते.

आणखी एक गोष्ट पालकांसाठी. देशातली बहुतेक वीज आजही लांब मुदतीच्या करारांनी विकत घेतली जाते. बाजारातून येते ती थोडी. शिवाय आपल्या घरच्या बिलाचा दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो. त्यामुळं बाजारभाव रोज हलला तरी बिल रोज हलत नाही.

हे सगळं फळ्यावर लिहिलं, पण पोरांचे चेहरे कोरेच. मग मी जुन्या वहीचे कागद फाडून चिठ्ठ्या केल्या. एक चिठ्ठी म्हणजे एक युनिट वीज. चार मुलं विकणारी झाली. 'सूर्या'कडं दोन चिठ्ठ्या, भाव दोन रुपये. 'वाऱ्या'कडं दोन, भाव तीन रुपये. 'कोळशा'कडं चार, भाव पाच रुपये. 'गॅस'कडं दोन, भाव अकरा रुपये. बाकीची मुलं झाली गावं. गावांना मिळून आठ चिठ्ठ्या हव्या होत्या.

खऱ्या बाजारासारखाच नियम ठेवला. आधी स्वस्त वीज घ्यायची, मग महाग. गरज भागवणारी शेवटची चिठ्ठी ज्या भावाची, तोच भाव सगळ्यांना द्यायचा. सूर्याच्या दोन, वाऱ्याच्या दोन, कोळशाच्या चार. झाल्या आठ! शेवटची चिठ्ठी पाच रुपयांची, म्हणून भाव ठरला पाच. गावांनी चाळीस रुपये मोजले. त्यातले वीस कोळशाला मिळाले.

दुसऱ्या डावाला कोळसा झालेलं पोरगं गालात हसत होतं. त्यानं दोनच चिठ्ठ्या पुढं केल्या. दोन खिशात! आता सूर्य, वारा आणि कोळसा मिळून सहाच चिठ्ठ्या झाल्या. उरलेल्या दोन गॅसकडून घ्याव्या लागल्या आणि भाव सगळ्यांनाच अकरा रुपये झाला. कोळशानं माल विकला निम्मा, पण पैसे मिळाले बावीस. शिवाय दोन युनिटांचा कोळसा वाचला तो वेगळाच. आणि गावांनी किती मोजले? आठ गुणिले अकरा, अठ्ठ्याऐंशी! वर्गात एकच गलका उठला. "मॅडम, ह्यो लबाडी करतोय!" तो म्हणाला, "कुठला नियम मोडला मी? सांगा की!"

खरंच, आमच्या खेळात तसा नियमच नव्हता.

मुलांनो, हे फक्त आमच्या वर्गात घडलेलं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २००० आणि २००१ साली विजेचे भाव असेच भडकले आणि शहरं आळीपाळीनं अंधारात गेली. वीज अडवून आणि फिरवून भाव चढवणाऱ्यांत एक कंपनी होती एन्रॉन. वीजकेंद्र बंद ठेवायला सांगणाऱ्या तिच्या माणसांच्या संभाषणाच्या ध्वनिफिती पुढं उघड झाल्या. हे नाव तुमच्या आईबाबांच्या ओळखीचं असेल. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळचा वीजप्रकल्प उभारणारी कंपनी तीच. तिथली वीज महाग पडते म्हणून महाराष्ट्रात मोठा वाद झाला आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनचं दिवाळं निघालं.

आता विचार करा. खऱ्या माणसांवर असा खेळ खेळून पाहणं केवढं महाग! आमच्या वर्गात चिठ्ठ्या परत गोळा करता आल्या. कॅलिफोर्नियातल्या अंधाराचे तास परत गोळा करता आले नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ हा खेळ आधी संगणकात मांडतात. त्यात विजेच्या तारा असतात, वीजकेंद्रं असतात, गावं असतात, सगळी खोटी. विकणारे आणि घेणारेही संगणकातलेच. त्यांना एजंट म्हणतात. आपल्याकडं विम्याचे एजंट असतात ना, तसेच हे दुसऱ्याच्या वतीनं व्यवहार करतात. पण हे एजंट म्हणजे माणसं नव्हेत, संगणकाला दिलेल्या सूचनांचे संच आहेत.

हे एजंट शिकतात कसे? सायकल शिकतो तसे. पडायचं, उठायचं, लक्षात ठेवायचं. एजंट एक बोली लावतो, किती फायदा झाला ते टिपून ठेवतो, पुढच्या वेळी जरा वेगळी बोली लावतो. हजारो डाव झाले, की कुठली चाल पैसा देते ते त्याला उमगतं. चिठ्ठी खिशात लपवायची युक्तीही एजंट आपली आपण शोधू शकतो. कुणी शिकवावी लागत नाही! खेळ मांडायचा तो त्यासाठीच. नियमात भोक असेल तर खोट्या बाजारातच दिसावं, खऱ्यात नको.

अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेनं असं एक साधन बनवलं. इलिनॉय राज्यातला विजेचा बाजार त्यात मांडून पाहिला आणि २००६ साली अहवाल दिला. तारांवर गर्दी झाली, की काही कंपन्यांना भाव चढवण्याची संधी मिळू शकते, असं त्यात दिसलं.

अशा एजंटांच्या स्पर्धाही होतात. 'पॉवर टॅक' नावाच्या स्पर्धेत वेगवेगळ्या देशांचे एजंट एका काल्पनिक वीजबाजारात झुंजतात. हैदराबादच्या ट्रिपल आयटी संस्थेतल्या संशोधकांनी टीसीएसच्या संशोधकांबरोबर 'विद्युतवणिका' नावाचा एजंट बनवला. नाव ऐकलं आणि मला आपला वाणीच आठवला! २०१८ मध्ये तो दुसरा आला आणि २०२१ मध्ये पहिला.

आमच्या वर्गात मग नियम करायची चढाओढ लागली. "आठ रुपयांच्या वर भाव न्यायचाच नाही," असं ठरलं. टाळ्या पडल्या. पण तिसऱ्या डावाला कोळशानं पुन्हा दोन चिठ्ठ्या खिशात ठेवल्या आणि गॅस म्हणाला, "मला अकरा पडत्यात, आठला कसं देऊ?" दोन गावं अंधारात राहिली. पोरं चक्रावली.

खऱ्या बाजारातही हा पेच आला होता. २०२२ च्या मार्चमध्ये उन्हाळ्यानं मागणी वाढली, कोळसा कमी पडला आणि युनिटचा भाव वीस रुपयांपर्यंत गेला. केंद्रीय वीज नियामक आयोगानं एप्रिल २०२२ मध्ये बारा रुपयांची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी ती दहावर आणली. मग महाग गॅसवर चालणाऱ्या केंद्रांचं काय? त्यांच्यासाठी २०२३ मध्ये वेगळा, जादा भावाचा बाजार सुरू करावा लागला. एक नियम केला की त्याच्या मागून दुसरा प्रश्न येतो, तो असा.

चौथ्या डावाआधी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती फार बोलत नाही. म्हणाली, "मॅडम, ह्या खेळात रात्र कुठं हाय? आमचे पप्पा रात्री दारं धरायला जातात. आई झोपत नाही ते येईस्तोवर."

वर्ग गप्प झाला. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला हातात बॅटरी, पायाखाली चिखल आणि मनात सापाची धास्ती. आमच्या चिठ्ठ्यांवर भाव होता, गरज होती, पण ही धास्ती नव्हती. संगणकातल्या खेळाचंही तसंच आहे. जे त्यात मांडलं तेच तो मोजतो. मांडलंच नाही, तर हजार डाव खेळूनही ते त्याला कळत नाही.

मग आम्ही एक नवी चिठ्ठी केली, 'शेतकरी, फक्त दिवसा'. तिला दुपारची सौरवीज दिली. बेत छान जमला, कारण दुपारी सूर्याकडं वीज उरतच होती. हा विचार काही आमचा एकट्यांचा नव्हे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली ती शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठीच. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे.

सुट्टीत घरी हा खेळ जरूर खेळा. आईबाबांनाही चिठ्ठ्या द्या. एकाला मुद्दाम लबाडी करू द्या आणि ती थांबवणारा नियम तुम्ही शोधा. नियम केल्यावर दोन प्रश्न विचारायला विसरू नका. या नियमानं अंधारात कोण राहिलं? आणि कुणाची चिठ्ठी करायचीच राहून गेली?